अंगणातल्या झाडाला मुळाशी खत देताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या फाटकाजवळ बकुळ आहे. सासऱ्यांनी १९९४ साली लावलेली. चार वर्षांपूर्वी गाडी आत यावी म्हणून अंगणात पेव्हर घातले आणि पातळी साधायला खाली वीतभर मुरुमाची भर टाकली. दुसऱ्या वर्षापासून शेंड्याच्या डहाळ्या वाळायला लागल्या, नवी पानं लहान येऊ लागली. पहाटे दाराशी पडणारा फुलांचा सडा तर नावापुरता उरला. मी घाबरले. मे महिन्यात दुकानातून युरिया आणला, दीड किलो बुंध्याभोवती पसरला आणि वरून पाणी सोडलं. आठ-दहा दिवसांत उरलेल्या पानांच्या कडा तव्यावर भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या.

खानापूरकडचे एक मामा आमच्या गल्लीत बागकामाला येतात. त्यांनी पहार घेऊन पेव्हरच्या फटीत दोनदा मारून बघितली आणि म्हणाले, "वैनी, खत राहू दे. माती दगड झाल्या की. आधी तिला सैल करा." त्या एका वाक्यापासून मी नव्याने शिकायला सुरुवात केली. ती बकुळ आज बरी आहे. माझी दोन वर्षं आणि झाडाची अर्धी पानं ज्यात गेली, त्यात तुमची जाऊ नयेत म्हणून सगळा क्रम इथे लिहिते आहे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या अंगणातली, प्लॉटमधली आणि सोसायटीतली मोठी झाडं डोळ्यासमोर ठेवली आहेत. कुंड्यांना आणि शेतातल्या फळबागांना यातलं बरंचसं लागू होत नाही.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. झाड जेवतं कुठून? बहुतेकांना वाटतं बुंध्यापासून. बुंध्याजवळची जाड मुळं झाड उभं धरतात, अन्नपाणी वर पोचवतात, पण ती स्वतः फारसं शोषून घेत नाहीत. शोषण्याचं काम करतात दोऱ्यासारखी बारीक मुळं. ती बहुतेक वरच्या एक ते दीड फुटात असतात आणि फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास व त्याही पलीकडे पसरलेली असतात. मोकळी जागा मिळाली तर मुळांचा पसारा फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांब जातो. झाड वर जितकं तितकंच खाली खोल असतं, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे बुंध्याशी ओतलेलं खत तोंडाऐवजी पाठीवर वाढलेल्या जेवणासारखं आहे, आणि तीन-चार फूट खोल खड्ड्यात पुरलेलंही वायाच जातं.

१. झाड खरंच उपाशी आहे का, ते आधी बघा

पिवळं पान म्हणजे खताची कमतरता, असं लगेच ठरवू नका. आधी झाडाभोवती एक फेरी मारा आणि वरपासून खालपर्यंत नीट बघा.

जुनी, खालची पानं सबंध फिकट पिवळी होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी असण्याची शक्यता आहे. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमकडे बघावं. कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र ठळक हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. काळ्या मातीत ते फार दिसतं. पानांच्या फक्त कडा जळल्या असतील तर कारण बहुधा पाण्याचा ताण किंवा खताचा अतिरेक असतं, जसं माझ्याकडे झालं.

काही दुखण्यांवर खत हे औषधच नव्हे. आंब्यावर बांडगूळ चढलं असेल तर ते फांदीच्या थोड्या भागासकट काढावं लागतं. खोडाला भोक आणि भोकाखाली भुसा असेल तर तो खोडकिडा. बुंध्याला किंवा मुळांवर कडक, टोपीसारखी आळंबी उगवली असेल तर आत लाकूड कुजत असण्याची दाट शक्यता. असं झाड वाऱ्यात पडू शकतं, म्हणून खताचा विचार बाजूला ठेवून आधी जाणकाराला दाखवा. आणि नुकतं लावलेलं किंवा दुसरीकडून हलवलेलं झाड पहिलं वर्षभर फक्त पाणी आणि आच्छादन मागतं. त्याला नत्र देऊन पानं काढायला लावली, तर मुळं धरायच्या आधीच ते दमतं.

करंज आणि विलायती शिरीष यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. त्यांना नत्राचं खत देण्यात अर्थ नाही.

२. बुंधा मोकळा करा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो.

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखा पसरतो. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं दिसत असेल तर त्यावर भर पडली आहे, असं समजा. ती माती सालीला सतत ओल देते, साल कुजते, आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही. मुळंही श्वास घेतात. माती दबली की पाणी आणि हवा दोन्ही अडतात आणि मग वर कितीही खत घातलं तरी ते घेणारं कुणी उरत नाही.

खुरपं आणि लाकडी काठी घेऊन हळूहळू माती उकरा. कुदळ वापरू नका, एका घावात साल सोलून निघते. पसरट भाग दिसला की थांबा. आमच्या बकुळीला नऊ इंच खाली तो सापडला. एक बोटभर जाड मुळी बुंध्याला वेढा घालून गळफासासारखी आवळत होती. बोटापेक्षा बारीक असेल तर अशी मुळी धारदार कात्रीने कापता येते. जाड असेल तर स्वतः हात लावू नका.

पेव्हर किंवा काँक्रीट बुंध्यापर्यंत आलं असेल तर निदान एक मीटर तरी जागा चारी बाजूंनी मोकळी करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत याच एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अंगणात त्याहून जास्त देता आली तर द्याच. आम्ही गाडीच्या चाकांच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि बाकीचे पेव्हर उचलले.

३. माती ओळखा आणि तपासून घ्या

आपल्याकडे एकच उपाय सगळीकडे चालत नाही, कारण जिल्ह्यात पन्नास किलोमीटरच्या आत मातीचा स्वभाव उलटा होतो.

पश्चिमेला, खानापूर, जांबोटी आणि बेळगाव शहराच्या बऱ्याच भागात जांभ्याची तांबडी माती आहे. पाणी पटकन खाली जातं आणि मोठ्या पावसात अन्नद्रव्यंही वाहून नेतं. ही माती आम्ल असते, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) अनेकदा ५ ते ६ च्या घरात. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं, म्हणून स्फुरद घातला तरी झाडाला मिळतोच असं नाही. अशा मातीत सामू तपासून बेताने चुना देणं आणि सेंद्रिय खत वाढवणं हा मार्ग. रॉक फॉस्फेट आम्ल मातीतच हळूहळू विरघळतं, त्यामुळे ते इथे उपयोगी पडतं.

वडगाव, येळ्ळूरच्या शिवारापासून पुढे निपाणी, चिकोडी, बैलहोंगलकडे काळी माती लागते. ती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. सामू ७.५ ते ८.५ कडे झुकलेला. तिथे लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. निपाणीच्या माझ्या नणंदेकडच्या सोनचाफ्याची हीच तक्रार होती: शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, शिरा हिरव्या. तिने दोनदा हिराकस (लोहाचं सल्फेट) घातला, फरक पडला नाही, कारण अशा मातीत तो लगेच अडकून बसतो. चिलेटेड लोह लागतं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, त्यातही ईडीडीएचए प्रकारचं. नुसतं ईडीटीए प्रकारचं ७ च्या वरच्या सामूला फारसं टिकत नाही. आणि काळ्या मातीत कुणाच्या सांगण्यावरून चुना घालू नका, दुखणं वाढेल.

नमुना असा घ्या: फांद्यांच्या घेराखाली आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून फूटभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि त्याच्या कडेची पातळ चकती काढा. सगळी माती प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा बुट्टी वापरली तर अहवालात जस्त उगाच जास्त दिसतं. ढेकळं फोडा, ढीग करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. गेल्या दोन-तीन महिन्यांत खत घातलेलं असेल तर थांबा, नाहीतर आकडे फसवे येतात.

द्यायचा कुठे? होबळीच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात, आधी चौकशी करा. शिवाय बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पचं केएलईचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गोकाककडे तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र आणि अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय. मृदा आरोग्य पत्रिकेची केंद्राची योजना २०१५ पासून आहे, पण ती शेतकऱ्यांसाठी. घराच्या परसातल्या मातीला शुल्क भरून तपासणी मागावी लागते. म्हणून निघण्याआधी फोन करा. मी फोन न करता गेले आणि नमुना परत घेऊन आले.

सोबत न्यायचं:

- वाळवलेली अर्धा किलो माती, कापडी पिशवीत. पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी
- चिठ्ठीवर नाव, पत्ता, फोन, नमुन्याची तारीख, खोली, झाडाचं नाव
- आधार कार्डाची प्रत
- शेतजमीन असेल तर आरटीसी (जमिनीचा) उतारा, म्हणजे सर्व्हे नंबर लागला तर शोधाशोध नको

अहवाल बहुधा कन्नडमध्ये मिळतो. आपल्यापैकी अनेकांना कन्नड बोलता येतं, पण वाचताना अडतं. निदान एवढे शब्द ओळखीचे करून ठेवा: रससार म्हणजे सामू. सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब, मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतला कार्बन. सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, पोट्याश म्हणजे पालाश. कब्बिण हे लोह, सतु हे जस्त, सुण्ण हा चुना. दुकानात गेलात तर कोट्टिगे गोब्बर म्हणजे शेणखत, एरेहुळु गोब्बर म्हणजे गांडूळ खत आणि बेविन हिंडी म्हणजे निंबोळी पेंड. रंजक या शब्दाने मी पहिल्या वेळी चांगलीच गोंधळले होते, रंगाशी काही संबंध असेल असं वाटलं.

अहवालात सगळ्यात आधी सामू आणि सेंद्रिय कर्ब बघा. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगला. कर्ब कमी असलेल्या मातीत रासायनिक खत टिकत नाही, म्हणून पैसे आधी शेणखतावर घाला.

४. सामान जमवा

- पहार, किंवा हाताने फिरवायचा दोन इंची माती-गिरमिट
- दीड-दोन फुटांची, बोटापेक्षा बारीक लोखंडी सळई
- खुरपं, बुट्टी, बादली
- सुतळी आणि पांढरी रांगोळी
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत
- निंबोळी पेंड
- आच्छादनाला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट
- हातमोजे, पायात बूट. चपलेवर पहार चालवू नका

पहार भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून मिळते. द्राक्षाच्या फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि पुढे टोकदार नळी लावून मुळाशी पातळ खत सोडून देणारेही काही जण भेटतील. ती पद्धत वाईट नाही. पण दोन-चार झाडांसाठी तिची गरज नाही, आणि करणारा माणूस नळी दोन फूट खाली खुपसत असेल तर त्याला थांबवा. सहा इंच ते एक फूट, त्याच्या खाली नको.

५. दिवस ठरवा

बेळगाव शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांबोटीकडे त्याहून कितीतरी जास्त, आणि अथणीकडे जेमतेम निम्मा. त्यामुळे दिवस तुमच्या गावाच्या पावसावर ठरतो.

पहिली योग्य वेळ: वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, मृग निघायच्या आधी. माती नरम असते आणि झाड नव्या पालवीच्या तयारीत असतं. दुसरी: हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. तांबड्या मातीसाठी मला ही दुसरी वेळ जास्त पटते, कारण जूनमध्ये दिलेलं खत जुलैच्या झडीत खाली निघून जातं.

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत भोकं पाडू नका. काळ्या मातीत तर मुळीच नको, पहारेने ओल्या मातीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून पलीकडे जात नाहीत. एप्रिलच्या कडक उन्हात, माती कोरडी असताना, तहानलेल्या झाडाला खत देऊ नका. खतातले क्षार मुळांतलंच पाणी ओढून घेतात. माझ्या युरियाने तेच केलं होतं.

६. भोकं पाडा

आदल्या संध्याकाळी फांद्यांच्या घेराखाली हळू पाणी सोडून ठेवा. सकाळी सळई हाताने दाबून बघा. सहा इंच सहज गेली तर काम सोपं आहे. दोन इंचांत अडली तर माती दबलेली आहे आणि भोकांची गरज खरोखर आहे.

सुतळीचं एक टोक बुंध्याला सैल बांधा. पाच फुटांवर गाठ मारा, ती धरून फिरत जमिनीवर रांगोळीने वर्तुळ काढा. मग दर दोन फुटांनी बाहेर आणखी वर्तुळं, फांद्यांच्या टोकापर्यंत आणि जागा असेल तर एक वर्तुळ त्याच्याही पलीकडे. प्रत्येक वर्तुळावर दोन-दोन फुटांनी ठिपका द्या. शेजारच्या वर्तुळातले ठिपके एकमेकांसमोर न येता मध्ये मध्ये यावेत, ठिपक्यांच्या रांगोळीत घेतो तसे.

कामाआधी नळाची पाइप, विजेची वायर, गॅसची पाइप, गटार कुठून जातं ते घरातल्या जुन्या माणसाला किंवा प्लंबरला विचारून घ्या आणि त्या पट्ट्यातले ठिपके पुसून टाका. हा धोका किरकोळ समजू नका.

आता प्रत्येक ठिपक्यावर पहार सरळ उभी मारायची. दोन इंच रुंद, फूटभर खोल भोक. मारताना कान उघडे ठेवा. दगड लागला तर ठण् आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मूळ लागलं तर आवाज दबका असतो आणि पहार किंचित उसळते. उसळली की लगेच थांबा, वीतभर सरकून दुसरं भोक घ्या. अंगठ्याएवढं मूळ तोडलं तर त्याच्या पुढची बारीक मुळांची सगळी जाळी गेली.

मधूनच एका भोकाच्या कडेची माती चमच्याने खरवडून बघा. मी बाहेरच्या वर्तुळात खरवडलं तेव्हा शेवयांसारखी बारीक, टोकाला पांढरी मुळं दिसली आणि पहिल्या पावसाचा वास आला. पेव्हरखालच्या भोकातली मुळं मात्र काळी, चिमटीत धरली की साल सुटून येणारी, आणि वास तुंबलेल्या मोरीचा. कुठल्या बाजूला झाड गुदमरलं होतं ते मला त्या दिवशी समजलं. तिथे मी खत घातलंच नाही, नुसती भोकं पाडून त्यात जाड वाळू भरली आणि वर्षभर हवा लागू दिली.

सगळी भोकं एकाच वर्षी पाडायची गरज नाही. झाड अशक्त असेल तर यंदा अर्ध्या बाजूची, पुढच्या वर्षी उरलेली. गुलमोहरासारख्या उथळ मुळांच्या झाडाला तर पहार फारशी नकोच. त्याला वरून खत पसरून आच्छादन करणं बरं.

७. भरायचं काय आणि किती

हिशोब करून दाखवते, म्हणजे तुम्हाला तुमच्या झाडाचा करता येईल. आमच्या बकुळीच्या फांद्या बुंध्यापासून साधारण दहा फुटांपर्यंत जातात. पाच, सात, नऊ आणि अकरा फुटांवर चार वर्तुळं घेतली. दोन फुटांनी एक याप्रमाणे एकूण शंभराच्या आसपास भोकं झाली. दोन इंच रुंद आणि फूटभर खोल भोकात अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त मावतं. म्हणजे शंभर भोकांना साठेक लिटर, चार बुट्ट्या.

मिश्रण असं: तीन बुट्ट्या कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक बुट्टी तिथलीच उकरलेली माती, त्यात तीन किलो निंबोळी पेंड चांगली कालवून. भोक वरच्या दोन इंचांपर्यंत भरायचं, ठासायचं नाही. वरचे दोन इंच मातीने झाका.

नत्राचं गणित कुणी विचारलं तर: मोठ्या झाडांना मुळांच्या पसाऱ्याच्या दर चौरस मीटरला वर्षाला ५ ते १० ग्रॅम नत्र पुरतं. आमच्या झाडाखाली साधारण ३० चौरस मीटर जागा येते, म्हणजे निदान १५० ग्रॅम नत्र. निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतं, तेव्हा तीन किलोत तेवढं भरतं. युरियात ४६ टक्के. तेच १५० ग्रॅम सव्वातीनशे ग्रॅम युरियातून मिळतं, आणि मी दीड किलो एकाच जागी ओतला होता. पेंडीतलं नत्र हळूहळू सुटतं, मुळं भाजत नाहीत, म्हणून मी आता युरियाच्या वाटेला जात नाही. रासायनिक खत द्यायचंच असेल तर अहवालात जे कमी आहे तेवढंच द्या. सरसकट मिश्र खताचं पोतं नको. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते, तिच्यावर मावा आणि तुडतुडे तुटून पडतात आणि फुलं कमी होतात.

तांबड्या मातीत चुना द्यायचा ठरला तर तो आणि शेणखत किंवा युरिया एकाच दिवशी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

आपल्या भागात फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या काही गोष्टींचा मोह होतो. साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) चांगलं, पण ताजं असताना ते तापतं. काही महिने कुजवल्याशिवाय मुळाशी नको. चंदगडच्या आणि आपल्या काजू कारखान्यांतली टरफलं आणू नका, त्यातलं तेल कातडी सोलवटून काढतं, मुळांना ते झेपणार नाही. फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू नदीच्या वाळूऐवजी भोकात भरू नका. भाताचं तूस, लाकडाचा भुसा, कच्चा पालापाचोळा हे मातीवर पसरायला उत्तम, पण भोकात भरलं तर कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतं. आणि ताजं शेण कधीच नको. हाताला गरम लागत असेल, वास मारत असेल, तर अजून वेळ आहे. कुजलेलं खत चहापत्तीसारखं मोकळं आणि थंड लागतं.

८. पाणी आणि आच्छादन

भोकं भरली की त्याच दिवशी पाइप बारीक सोडून घेराखाली फिरवत दोन-तीन तास पाणी द्या. धो-धो सोडलं तर खत वर येऊन वाहून जातं. पुढचे तीन-चार आठवडे पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा. सळई सहा इंच सहज जाते तोवर पाणी पुरेसं आहे.

मग आच्छादन. सुकी पानं किंवा पाचट दोन-तीन इंच जाड, घेरभर पसरा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. सालीला टेकवून ढीग रचला तर दुसऱ्या पायरीत जे दुखणं काढलं ते परत येतं. वाळवीची भीती असेल तर थर पातळ ठेवा आणि अधूनमधून हलवत राहा. आमच्या गल्लीत अजून रोज सकाळी पानांचा ढीग पेटवतात. ती पानं मला द्या, असं मी दोन घरी सांगून ठेवलं आहे. दोघीही आता पोत्यात भरून देतात.

९. झाड तुमच्या कंपाउंडबाहेर असेल तर

रस्त्याकडेच्या झाडाखाली पानं पसरणं, पाणी घालणं यात अडचण येत नाही. पण फुटपाथच्या फरशा उचलायच्या, खोदायचं असेल तर आधी स्थानिक संस्थेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये दिला तर लवकर पुढे सरकतो. शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडून मी लिहून घेतला. झाडाच्या आत्ताच्या स्थितीचे दोन फोटो जोडा. झाड तोडण्याचा विषय निघालाच, तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे बहुतेक झाडांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड तुमच्या मालकीच्या जागेत असलं तरी.

१०. फरक कसा ओळखायचा

पंधरा दिवसांत काही दिसणार नाही. आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच्या चार दिशांच्या चार डहाळ्या निवडा, आत्ताच्या टोकाशी रंगीत दोरा बांधा आणि तारीख वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात दोऱ्याच्या पुढे किती इंच वाढ झाली ते मोजा. पानांचा फोटो काढताना शेजारी एकच नाणं ठेवत जा, म्हणजे आकाराची तुलना होते.

आमच्या बकुळीची पहिल्या वर्षी दोऱ्यापुढे जेमतेम एक इंच वाढ होती. दुसऱ्या वर्षी साडेतीन. पूर्वेकडची, पेव्हरखालची बाजू अजून मागे आहे. तिथल्या वाळूच्या भोकांच्या शेजारी यंदा ऑक्टोबरात नवी भोकं घेणार आहे आणि त्यांत पहिल्यांदाच खत भरणार आहे. माती तीन वर्षांनी पुन्हा तपासायची, तोवर दरवर्षी फक्त शेणखत, पेंड आणि पाचट.